दुकान तुमचं, पण गिऱ्हाइकांची यादी कोणाकडे आहे?

मागच्या व्हिडिओत मी म्हणाले होते की ऐन सीझनमध्ये आमच्या दुकानाचे तीन दिवस कसे गेले, ते एकदा सविस्तर लिहीन. व्हिडिओत दहा मिनिटांत काय काय सांगणार? म्हणून इथे.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात ओळख. साताऱ्यात आमचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, लेस, लटकन आणि मागच्या बाजूला पिको-फॉलचं मशीन. दुकान पप्पांनी सुरू केलं. माझं बीबीए झालं आणि मी गल्ल्यावर बसले. डोक्यात मार्केटिंगचं पुस्तक ताजं होतं, त्यामुळे पहिल्याच वर्षी मी सगळं फोनवर आणलं. एका मेसेजिंग अ‍ॅपवर बिझनेस अकाउंट काढलं, माल आला की फोटो टाकायचे, ऑर्डर तिथेच घ्यायची, पिको झालं की "साडी तयार आहे" तिथेच कळवायचं. पप्पा म्हणायचे, "वहीत पण लिहीत जा गं." मी म्हणायचे, "पप्पा, आता वही कोण बघतं?"

गौरी-गणपतीला दहा दिवस होते. इचलकरंजीहून अस्तराचा माल आलेला, सुरतेहून लेस आलेली, दोन्हीकडे महिनाभराची उधारी. मी एका दुपारी नव्या लेसचे फोटो तीनशेच्या वर बायकांना पाठवले. एकच मेसेज, एकामागून एक. संध्याकाळी अ‍ॅप उघडलं तर अकाउंट बंद. नियम मोडला म्हणे. कोणता नियम, ते लिहिलेलं नव्हतं. मला वाटतं कोणीतरी स्पॅम म्हणून रिपोर्ट केलं असावं, पण तो माझा अंदाज.

आता बघा, माल देणाऱ्या व्यापाऱ्याशी वाद झाला तर मी त्याला फोन करते, तो चिडतो, मी चिडते, चहा पितो, मिटतं. इथे कोणाला फोन करणार? एक फॉर्म होता, तो भरला. मशीनचं उत्तर आलं, "आम्ही तपासत आहोत." दुसऱ्या दिवशी पुन्हा भरला, तेच उत्तर, शब्दाला शब्द तोच.

अकाउंट बंद झालं त्याचं एवढं नाही वाटलं. खरा धक्का नंतर बसला. बायकांचे नंबर मी फोनमध्ये सेव्हच केले नव्हते! चॅट उघडलं की बाई समोर, मग सेव्ह कशाला करायचं? जे थोडे केले होते ते "मोरपंखी पैठणी", "जांभळा खण अर्जंट" अशा नावांनी. सहा वर्षांचं गिऱ्हाईक, आणि माझ्याकडे त्याची यादी नाही. यादी त्या कंपनीकडे होती, आणि कंपनीने दार लावून घेतलं होतं.

वाचवलं कोणी, सांगू? पिकोच्या पावती पुस्तकांनी. साडी परत द्यायची असते, घोटाळा नको, म्हणून पिकोला टाकताना नाव आणि नंबर कागदावर लिहून घेण्याची पप्पांची पद्धत. ती मी मोडली नव्हती, कारण मशीनवर बसणाऱ्या मावशी ऐकायच्या नाहीत. त्या रात्री आमच्याकडची मुलगी आणि मी, दोघींनी चार पुस्तकं काढली आणि २१२ नंबर उतरवले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन लावायला बसलो.

पहिले दहा फोन करताना लाज वाटली, खोटं नाही सांगत. अकराव्या फोनवर एक शिलाईवाल्या काकू म्हणाल्या, "अगं, बरं झालं फोन केलास. तुझे फोटो येतात रोज, पण चष्म्याशिवाय मला काही दिसत नाही. डझनभर अस्तरं काढून ठेव, उद्या येते." या काकू दर महिन्याला आमच्याकडून माल नेतात आणि मी त्यांना दोन वर्षं फोटो पाठवत होते!

तिसऱ्या दिवशी अकाउंट आपोआप सुरू झालं. कारण नाही, माफी नाही. सीझन गेला नाही, पण सुरतेच्या व्यापाऱ्याला पैसे द्यायला मला पंधरा दिवस उशीर झाला.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे मॅडम टेक्नॉलॉजीच्या विरोधात गेल्या. अजिबात नाही. पुण्याला राहायला गेलेल्या बायका आजही माझ्याकडून कुरिअरने माल मागवतात, ते फोनमुळेच. आणि या कंपन्या आपल्या वाईटावर आहेत असंही मला वाटत नाही. त्यांचा हिशोब वेगळा आहे, एवढंच. फेसबुक असो की गूगल, त्यांची कमाई मुख्यतः जाहिरातींतून येते. म्हणजे त्यांचं गिऱ्हाईक जाहिरात देणारा. फुकट अकाउंटवाले आपण गिऱ्हाईक नाही, आपण त्यांच्या बाजारातली गर्दी आहोत. गर्दीतल्या एका माणसासाठी कोण फोन उचलेल?

आणि हे फक्त माझ्या बाबतीत झालं असं समजू नका. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकसकट ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. बंदी बरोबर की चूक, तो वेगळा विषय. पण आपल्याकडच्या खेड्यापाड्यातली कितीतरी पोरं तिथे लाखांनी फॉलोअर जमवून बसली होती. त्यातला एकही फॉलोअर पिशवीत घालून दुसरीकडे नेता आला नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद पडली. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि तीन दिवसांवर घटस्थापना होती. कोणी हल्ला केला नव्हता, कंपनीने स्वतःच्याच नेटवर्कमध्ये केलेला बदल अंगाशी आला होता. गूगलचं उदाहरण तर आपल्यासाठीच आहे. दुकानाच्या प्रोफाइलवरून फुकट वेबसाइट बनवून मिळायची, आठवतंय? मार्च २०२४ मध्ये त्या सगळ्या साइट बंद केल्या. ज्यांनी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डावर छापला असेल, त्यांची कार्डं रद्दीत.

याच्या उलट दोन गोष्टी बघा, दोन्ही तुमच्या खिशात आहेत. २०११ पासून आपल्याला सिमकार्डाची कंपनी बदलता येते आणि नंबर तोच ठेवता येतो. कंपनी आवडली नाही, चाललो दुसरीकडे, गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. दुसरं म्हणजे २०१६ ला आलेलं यूपीआय. माझ्या गल्ल्यावर एका कंपनीचा क्यूआर कोड आहे, पण समोरची बाई दुसऱ्याच कंपनीच्या अ‍ॅपवरून पैसे पाठवते आणि ते येतात. उद्या मी क्यूआर बदलला तर तिला काही फरक पडत नाही. रस्ता सगळ्यांचा आहे, कोणा एका कंपनीचा नाही. (अधूनमधून सर्व्हर डाउन होतं, म्हणून सुट्टे पैसे मी अजून ठेवते, बरं का.)

म्हणून आता कुठलंही नवीन अ‍ॅप आलं की मी एकच प्रश्न विचारते: उद्या इथून निघायचं ठरवलं, तर सोबत काय नेता येईल? फॉलोअर नेता येत नाहीत. रिव्ह्यू नेता येत नाहीत. चॅट नेता आलं तरी त्याचा उपयोग काय? नाव, नंबर आणि ती बाई काय घेते याची माहिती, एवढंच खरं आपलं. बाकी सगळं भाड्याचं. भाड्याच्या जागेत दुकान टाकायला हरकत नाही, अर्धा बाजार भाड्याच्याच जागेत आहे. पण माणूस भाड्याच्या गाळ्यात गल्ला तरी स्वतःचा ठेवतो ना?

आणखी एक गोष्ट त्या तीन दिवसांत कळली, ती जरा घरातली आहे. अकाउंट बंद होतं त्या रात्री मी साडेनऊला जेवले. एरवी अकराला, एका हाताने "ताई, हा रंग आहे का?" ला उत्तर देत. नंतर मी एका संध्याकाळचे मेसेज मोजले. ४७ मेसेज, त्यातून विक्री नऊ. आणि त्या नवातल्या तीन बायका माल परत घेऊन आल्या, कारण फोनच्या कॅमेऱ्यात मोरपंखी निळा दिसतो आणि राणी कलर लाल. बल्बखाली काढलेल्या फोटोवरून मॅचिंग होत नाही हो, कितीही महाग फोन असू दे! आपण नोकरी नको म्हणून धंद्यात येतो, साहेब नको म्हणतो आणि मग निळी टिक दिसली की घाबरून उत्तर देतो. आयटीतले माझे मित्र तरी पगार घेऊन रात्री लॅपटॉप उघडतात.

आता नऊ वाजता दुकानाचा फोन गल्ल्यात आणि गल्ल्याला कुलूप. अ‍ॅपवर आपोआप जाणारा मेसेज लावलाय: "दुकान सकाळी दहाला उघडेल. रंग जुळवायला साडी घेऊन या." पहिल्या महिन्यात दोन-चार बायका रुसल्या. एक तर सरळ म्हणाली, "फार मोठी झालीस!" ती अजून येते.

वहीचं म्हणाल तर, रजिस्टर आहे साधंच, दोनशे पानी. नाव, नंबर, गाव, काय घेते, शेवटचं कधी आली. नंबर लिहिताना विचारते, "नवीन माल आला की कळवू का?" नाही म्हणाली तर लिहीत नाही. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे, पण त्याहीआधी साधी रीत आहे ही. दर शनिवारी आमच्याकडची मुलगी तेच कॉम्प्युटरवर उतरवते आणि एक प्रत पेनड्राइव्हवर जाते. दुकानाच्या नावाचं डोमेनही घेतलं, वर्षाला हजार रुपयांच्या आसपास पडतं. त्यावर सध्या एकच पान आहे. पत्ता, वेळ, फोन नंबर.

परवा पप्पांनी रजिस्टर चाळलं. काही बोलले नाहीत. फक्त पेन मागितलं आणि तीन जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर लिहिले, तोंडपाठ असलेले.

पुढच्या व्हिडिओत या रजिस्टरचं एक पान दाखवणार आहे, नावं झाकून. तुमच्या धंद्यात कोणते रकाने लागतील ते तोवर कागदावर काढून ठेवा. किराणावाल्यांना वेगळे लागतील, पार्लरवाल्यांना वेगळे.