तामसीचं पाणी कुठवर जातं?

आदिलाबाद जिल्ह्यातल्या तामसी मंडळात पडलेला पाऊस समुद्राला कसा मिळतो, हे नकाशावर बोट फिरवून सांगता येतं. कपाशीच्या काळ्या रानांतून ओढ्यांत, ओढ्यांतून पैनगंगेत, पैनगंगेतून चंद्रपूर जिल्ह्यात वर्धेत. पुढे वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती कालेश्वरमजवळ गोदावरीला मिळते आणि राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमचा बांध ओलांडून गोदावरी बंगालच्या उपसागरात शिरते. भूगोलाचं पुस्तक इथं मिटतं. पण पाण्याचा प्रवास इथं संपत नाही. पावसाळा सरल्यावर उपसागरातलं कमी खारट पाणी पूर्व किनाऱ्याच्या कडेनं दक्षिणेला उतरतं, श्रीलंकेला वळसा घालतं आणि केरळ, कर्नाटक करत हिवाळ्यात गोव्यासमोर येतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. उपसागरातल्या गोड्या पाण्यात गोदावरीचा वाटा लहान आहे. मोठे वाटेकरी म्हणजे गंगा-ब्रह्मपुत्रा, इरावती आणि खुद्द उपसागरावर कोसळणारा पाऊस. हे सारं वाटेत मिसळत, ढवळत जातं. त्यामुळे गोव्यासमोर बादली भरून त्यात पैनगंगा वेगळी काढता येणार नाही. पण हे मिश्रण पूर्वेकडून आलं आहे, एवढं मात्र नक्की सांगता येतं, कारण मीठ चुगली करतं. अरबी समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ असतं. उपसागराच्या उत्तर टोकाला पावसाळ्यानंतर ते ३०च्याही खाली जातं. पश्चिम किनाऱ्यालगत हिवाळ्यात कमी खारट पाण्याचा पट्टा सापडला, तर तो तिथल्या नद्यांनी आणलेला नसतो. त्या तर तेव्हा आटत चाललेल्या असतात.

हा पट्टा नीट मोजला गेला तो १९८०च्या दशकाच्या अखेरीस. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम १९६५मध्ये संपली आणि तिच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोना पावला इथं तिचं मुख्यालय आहे. तिथले सतीश शेट्ये आणि त्यांचे सहकारी समुद्रात ठिकठिकाणी थांबून तापमान आणि क्षारता खोलवर मोजत गेले. १९९१मध्ये त्यांनी हिवाळ्यातल्या पश्चिम किनारी प्रवाहाचं चित्र प्रसिद्ध केलं. दक्षिणेकडे हा प्रवाह सुमारे ४०० किलोमीटर रुंद आणि २०० मीटर खोल असतो. गुजरातकडे जाताना तो अरुंद होतो, पण खोली वाढते. आणि तो वाहतो उत्तरेकडे.

चमत्कारिक गोष्ट इथं सुरू होते. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावरचा वारा साधारणपणे उत्तरेकडून येतो, म्हणजे प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध चालतो. समुद्राचे प्रवाह वारा ढकलतो, हे शाळेत शिकलेलं सूत्र इथं लागू पडेना. मग ढकलतो तरी कोण?

उत्तर शोधायला किनाऱ्यावर उभं राहून उपयोग नव्हता. १९६९मध्ये ब्रिटिश गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांनी दाखवलं होतं, की महासागराच्या एका भागात वारा बदलला की त्याची खबर पाण्यातल्या अतिदीर्घ तरंगांमधून हजारो किलोमीटर दूर पोचते. या तरंगांना किनाऱ्यावर आपटणाऱ्या लाटांसारखं डोळ्यांनी पाहता येत नाही. किनाऱ्याचा हात धरून जाणारे केल्विन तरंग दिवसाला दोनेकशे किलोमीटर जातात, पण पृष्ठभागावर त्यांची उंची काही सेंटिमीटरच असते. गोदावरीच्या मुखापासून श्रीलंका वळून गोव्यापर्यंतचं अंतर सुमारे अडीच हजार किलोमीटर धरलं, तर तरंग दोन आठवड्यांत पोचतो. पाणी स्वतः सेकंदाला तीसेक सेंटिमीटर चालीनं निघालं, तर त्याला तीन महिन्यांहून जास्त लागतात. खबर आधी येते, पाणी मागाहून.

हे पडताळायचं कसं? निसर्गात उपसागरावरचा वारा थांबवता येत नाही, मॉडेलमध्ये येतो. महासागराचे चौकोनी खण पाडायचे, प्रत्येक खणात न्यूटनचे गतीचे नियम, पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम, उष्णता आणि मीठ यांची समीकरणं मांडायची आणि संगणकाला काही मिनिटांच्या टप्प्यांनी वर्षानुवर्षं पुढे चालायला लावायचं. अमेरिकेत कर्क ब्रायन यांनी १९६९मध्ये या पद्धतीचा पाया घातला. हिंदी महासागरासाठी ज्युलियन मॅक्रिअरी आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये केलेलं मॉडेल, आणि पुढे मॅक्रिअरी, वेईछिंग हान, डी. शंकर व शेट्ये यांचं पूर्व किनाऱ्यावरचं १९९६चं काम, यांत एकेका प्रदेशाचा वारा बंद करून काय उरतं ते पाहिलं गेलं. निष्कर्ष असा, की पश्चिम किनाऱ्याच्या प्रवाहाला चालवणाऱ्या वाऱ्याचा मोठा हिस्सा बंगालच्या उपसागरात वाहत असतो. वेंगुर्ल्यासमोरचं पाणी कुठं जाणार हे बऱ्याच अंशी मछलीपट्टणमच्या बाजूला ठरतं. हिंदी महासागराच्या अभ्यासातला मला सगळ्यांत विलक्षण वाटणारा शोध हाच. आपल्याकडे त्याची चर्चा जवळपास होत नाही.

मॉडेल मात्र मापाशिवाय निव्वळ कल्पना ठरतं, आणि समुद्राचं माप घेणं महागडं, चिकाटीचं काम आहे. पूर्वी जहाज ठरल्या मार्गावरून किती ढळलं, यावरून प्रवाह काढत. आता उपग्रह पृष्ठभागाची उंची मोजतो. पृथ्वी फिरते म्हणून उत्तर गोलार्धात वाहत्या प्रवाहाच्या उजव्या बाजूचं पाणी किंचित उंच राहतं. गोव्याच्या अक्षांशावर सेकंदाला ३० सेंटिमीटर प्रवाह असेल, तर १०० किलोमीटरच्या रुंदीत हा उंचवटा भरतो अवघा अकरा-बारा सेंटिमीटर. १९९२च्या टोपेक्स-पोसायडन या उपग्रहानं तो १,३३६ किलोमीटरवरून पकडला. २०१३मध्ये इस्रो आणि फ्रान्सच्या अंतराळ संस्थेनं मिळून 'सरल' पाठवला, तोही याच कामासाठी.

उपग्रहाला पाण्याच्या पोटात दिसत नाही. तिथं आर्गो फ्लोट लागतात. माणसाच्या उंचीचं हे नळकांडं एक हजार मीटर खोलीवर वाहत राहतं, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून वर येतं, येताना तापमान आणि क्षारता टिपतं आणि उपग्रहाला कळवून पुन्हा खाली जातं. जगभरात असे सुमारे चार हजार फ्लोट आहेत, भारत ते २००२पासून सोडतो आहे.

किनाऱ्याजवळच्या उतारावर मात्र एका जागी ठाण मांडून बसावं लागतं. गोव्याच्या संस्थेनं समुद्रतळाला नांगरलेल्या दोरावर ध्वनीनं प्रवाह मोजणारी यंत्रं बसवली. कन्याकुमारी, कोल्लम, गोवा आणि मुंबई या चार ठिकाणांची २००८ ते २०१२ची मापं जेव्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा जहाजांच्या आणि उपग्रहांच्या सरासरीनं रंगवलेलं नीटनेटकं चित्र विस्कटलं. ऋतूंप्रमाणे दिशा बदलते हे खरं, आणि उत्तरेकडे हा बदल अधिक ठळक होतो. पण एका वर्षासारखं दुसरं वर्ष नसतं. हिवाळ्यात काही आठवड्यांच्या चढउतारांचा गोंधळ असतो, तो दक्षिणेकडे जास्त. कोल्लमचा प्रवाह पाहून मुंबईचा सांगायला जावं तर फसगत ठरलेली.

तामसीच्या वाचकाला हे सगळं दूरचं वाटेल. पण देशाच्या समुद्राचं भाकीत रोज जिथून निघतं, ती भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था त्याच्याच राज्यात, हैदराबादला आहे. तेलंगणाला एक हातभरही किनारा नाही, तरी संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचना कोकणातल्या बंदरांवर मराठीत पोचते ती तिथून. बुडालेल्या बोटीतली माणसं कुठं वाहत गेली असतील, सांडलेलं तेल कुठं लागेल, याचे अंदाजही तिथेच काढले जातात. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' हे मालवाहू जहाज बुडालं, तेव्हा कंटेनर आणि प्लास्टिकचे दाणे लागले ते अलप्पुळा, कोल्लम, तिरुवनंतपुरमकडे, म्हणजे दक्षिणेला. मेअखेरीस किनारी प्रवाह दक्षिणेकडे वळलेला असतो. हेच जहाज डिसेंबरात बुडालं असतं तर चिंता कर्नाटकाला आणि गोव्याला करावी लागली असती.

दुसरा धागा थेट शेतापर्यंत येतो. पूर्वेकडून आलेलं हलकं, कमी खारट पाणी लक्षद्वीपच्या समुद्रात वर तरंगत राहतं आणि खालच्या थंड पाण्याशी सहज मिसळत नाही. त्यामुळे वरचा थर उन्हानं लवकर तापतो. एप्रिल-मेमध्ये इथलं तापमान ३० अंशांच्या वर जातं. मोसमी पाऊस येण्याच्या सुमारास तिथं तयार होणाऱ्या आवर्ताशी या उष्ण पाण्याचा संबंध शेनॉय, शंकर आणि शेट्ये यांनी १९९९मध्ये मांडला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मोसमी पावसाचं भाकीत करणारं मॉडेल हवेबरोबर महासागरही चालवतं, ते अशाच कारणांमुळे. समुद्राची क्षारता चुकली की तापमान चुकतं, आणि त्याची झळ पावसाच्या अंदाजाला लागते.

माझी तक्रार इथंच आहे. अनेक मॉडेलांत नद्यांचं पाणी अजूनही कित्येक वर्षांच्या मासिक सरासरीनं ओतलं जातं. पैनगंगेचा पूर सरासरी पाहून येत नाही. तो काही तासांत चढतो, धरणांचे दरवाजे उघडले की आणखी फुगतो, आणि दुष्काळी वर्षी येतच नाही. फ्लोट, उपग्रह आणि महासंगणक यांवर एवढा खर्च केल्यावर नदीचा रोजचा खरा आकडा समुद्राच्या मॉडेलला मिळू नये, हा कारभार शहाणपणाचा नव्हे. नदी मोजणारे एका खात्यात आणि समुद्र मोजणारे दुसऱ्या खात्यात, अशी विभागणी पाणी मानत नाही. गोदावरी खोऱ्यातल्या प्रत्येक मापन केंद्राचा रोजचा विसर्ग हैदराबादच्या आणि पुण्याच्या मॉडेलांत त्याच दिवशी पोचेल, एवढी व्यवस्था केंद्र सरकारनं आणि त्या खोऱ्यातल्या राज्यांनी मिळून करावी.