निविदेतला एक ‘नाही’

कोरेगाव तालुक्यातल्या एका बचत गटाच्या शिवणखोलीत अध्यक्षताई मोबाइलवर सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलची निविदा वाचत होत्या. केंद्राच्या एका कार्यालयाला प्रशिक्षणासाठी कापडी पिशव्या हव्या होत्या. ताई नगांची संख्या नंतर बघतात, आधी बोट झरझर खाली सरकतं. अनुभव आणि उलाढालीच्या अटीतून लघुउद्योगांना सूट आहे का, या ओळीपुढे ‘होय’ की ‘नाही’? ‘नाही’ असेल तर विषय संपला. तीन वर्षांची मोठी उलाढाल गटाने आणायची कुठून?

या वेळी ‘होय’ होतं.

कागदावर धोरण उदार आहे. 2012च्या आदेशाने केंद्राची मंत्रालयं आणि सरकारी कंपन्यांना सूक्ष्म-लघु उद्योगांकडून खरेदी बंधनकारक झाली. 2018च्या दुरुस्तीने तिचं प्रमाण 20 वरून 25 टक्क्यांवर गेलं आणि त्या पंचविसांत 3 टक्के महिलांच्या उद्योगांसाठी ठरले. बयाणा रक्कम माफ. मोठ्या पुरवठादाराचा दर सर्वांत कमी आला आणि लघुउद्योगाचा त्याच्या वर 15 टक्क्यांच्या आत असला, तर तोच दर कबूल करून एक हिस्सा मिळवता येतो. पण तो ‘एल-वन’, म्हणजे सर्वांत कमी, दर परवडायला हवा ना!

“आणि पिशवी कसली म्हटलीय ते वाचा,” ताई म्हणाल्या. खरी गोम इथेच आहे. बाजारात कापडासारखी दिसणारी नॉन-वोव्हन पिशवी बहुतेकदा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. निविदेत नुसतं ‘बॅग’ लिहिलं की तीच स्वस्तात जिंकते. ‘शंभर टक्के सुती’ आणि कापडाचं वजन लिहिलं, की शिवणयंत्रावर बसलेल्या बाईला संधी मिळते. पर्यावरण आणि बायकांचा रोजगार, दोन्हींचा निकाल तपशील लिहिणाऱ्या कारकुनाच्या एका ओळीत लागतो. टक्केवारीच्या घोषणांपेक्षा मला ती ओळ महत्त्वाची वाटते.

या निविदेत ‘सुती’ होतं. कापड, दोरा, शिलाई, छपाई, कोरेगावहून गाडीभाडं, अशी बेरीज वहीत सुरू झाली. शिलाईचा दर कमी धरू, असं कोषाध्यक्ष काकू म्हणाल्या; बाकीच्या एकदम गप्प झाल्या, मग “नाही” म्हणाल्या. तेवढ्यात पोर्टलचा ओटीपी आला, ताईंच्याच फोनवर. ही साधी गोष्ट नाही. उद्योग बायकोच्या नावावर आणि ओटीपी नवऱ्याच्या खिशात, असंही पुष्कळ ठिकाणी चालतं.

दर भरण्याआधी ताईंनी एक फोन केला. माल स्वीकारल्याचा दाखला दहा दिवसांत आणि त्यानंतर दहा दिवसांत पैसे, असा पोर्टलचा नियम त्यांना तोंडपाठ आहे. तरी गेल्या वर्षी याच कार्यालयाला माल दिलेल्या दुसऱ्या गटाला त्यांनी विचारलं, “बिल किती दिवस अडकलं होतं?” उत्तर ऐकून त्यांनी कापडवाल्याच्या उधारीवरचं व्याजही वहीत मांडलं आणि नगामागे दर दोन रुपयांनी वाढवला.