दारातून मावलं, म्हणून निवडलं गेलेलं फायटर विमान

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, किंवा ज्यांचे इअरफोन नेहमीप्रमाणे घरी राहिले, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना मी घातलेले पन्नास 'म्हणजे' आणि 'बेसिकली' काढून टाकलेत.

आजची गोष्ट आहे एका छोट्याशा बायप्लेनची, म्हणजे एकावर एक अशा दोन पंखांच्या विमानाची. नाव करटिस स्पॅरोहॉक. पहिलं महायुद्ध संपून दुसरं सुरू व्हायचं होतं, त्या मधल्या काळात अमेरिकन नौदलासाठी ते बनलं.

१९३० मध्ये नौदलाला विमानवाहू जहाजांवर ठेवायला अगदी लहान फायटर हवं होतं. लहान विमान म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त विमानं, हा साधा हिशोब. तीन कंपन्यांनी नमुने बनवले. त्यातल्या करटिस कंपनीचा नमुना, एक्सएफ९सी-१, फेब्रुवारी १९३१ मध्ये पहिल्यांदा उडाला. पंखांचा पसारा जेमतेम साडेपंचवीस फूट. त्याच काळातल्या बोइंगच्या एफ४बी फायटरचा ३० फूट होता, यावरून अंदाज घ्या.

इथे एक प्रश्न पडतो. पंख आखूड केले तर विमान उचललं कसं जाणार? बायप्लेनचा फायदा इथेच आहे. एक लांब पंख लावण्याऐवजी दोन आखूड पंख एकावर एक लावले की क्षेत्रफळ बरंचसं भरून निघतं. हवेचा अडथळा वाढतो, म्हणून खूप वेग मिळत नाही. पण कमी वेगात तरंगणं आणि चटकन वळणं जमतं.

तरीही नौदलाने तिन्ही नमुने नाकारले. जहाजावरचं फायटर म्हणून एकही पसंत पडलं नाही. गोष्ट इथेच संपायची, पण नौदलाकडे तेव्हा दुसरंच एक प्रकरण सुरू होतं: ॲक्रन आणि मेकन नावाच्या दोन अवाढव्य एअरशिप. आत धातूचा सांगाडा, त्यात हेलियमच्या पिशव्या आणि लांबी ७८५ फूट. म्हणजे दोन फुटबॉल मैदानांपेक्षा जास्त! काम काय, तर समुद्रावर दूरवर टेहळणी करायची. या एअरशिपच्या पोटात विमानं ठेवायचा हँगर होता आणि त्याला खालच्या बाजूला इंग्रजी टी आकाराचं दार होतं. त्या दारातून मावेल असं फायटर कोणतं? तर हे नाकारलेलं पिल्लू.

मग खरं इंजिनिअरिंग सुरू झालं. वरच्या पंखाच्याही वर सळ्यांच्या आधाराने एक हुक बसवला. करटिसने स्वतःच्या खर्चाने दुसरा नमुना बनवला, त्यात वरचा पंख चार इंच वर घेतला. ऑक्टोबर १९३१ मध्ये पहिला नमुना लॉस एंजेलिस नावाच्या जुन्या एअरशिपला हवेतच लटकून दाखवला. त्यानंतर नौदलाने सहा विमानांची ऑर्डर दिली. दोन नमुने धरून एकूण आठच बनली.

आता उडत्या एअरशिपला विमान लटकायचं कसं? समांतर ट्रॅकवरच्या दोन लोकल आठवा. दोघींचा वेग जुळला की पलीकडच्या खिडकीतला माणूस आपल्याला जागच्या जागी बसल्यासारखा वाटतो. इथेही तेच. स्पॅरोहॉक ताशी साधारण १०० किलोमीटरवर तरंगू शकायचं आणि एअरशिप तेवढा वेग घेऊ शकायची. एअरशिपमधून सर्कशीतल्या झोक्यासारखा एक दांडा खाली सोडायचे. पायलट मागून, खालून, हळूहळू जवळ यायचा आणि हुक दांड्यात अडकवायचा. मग झोका वर ओढला की विमान दारातून आत! बाहेर पडणं तर आणखी सोपं: हुक सोडायचा, विमान खाली पडता पडता वेग घेतं.

जहाजावर उतरताना विमान जहाजापेक्षा बरंच वेगात असतं, म्हणून त्याला दोर लावून थांबवावं लागतं. इथे वेगातला फरकच जवळपास शून्य. मग चाकं तरी कशाला हवीत? मेकनच्या लोकांनी समुद्रावर जाताना चाकं काढून तिथे जादा इंधनाची टाकी लावली. पल्ला वाढला आणि विमानाचं कामही बदललं. एअरशिपचं रक्षण करणारं फायटर आता तिचे डोळे झालं. एअरशिप मागे लपून राहायची आणि विमानं पुढे जाऊन शोध घ्यायची.

जुलै १९३४ मध्ये मेकनने हे करून दाखवलं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यूस्टन नावाच्या क्रूझरमधून पॅसिफिक पार करत होते. मेकनने त्यांना भर समुद्रात शोधून काढलं आणि बिनचाकांच्या स्पॅरोहॉक विमानांनी जहाजाजवळ वर्तमानपत्रं टाकली. जहाजावरच्या लोकांना काय वाटलं असेल! जमीन कुठेच नाही, आणि डोक्यावर बिनचाकांची विमानं.

पण ही विमानं ज्याला लटकत होती, त्याचं काय?

एप्रिल १९३३ मध्ये ॲक्रन न्यू जर्सीजवळ वादळात समुद्रात कोसळली. ७६ पैकी ७३ माणसं गेली. एअरशिपवर लाइफ जॅकेट्स जवळपास नव्हतीच. वाचलेल्या तिघांमधले हर्बर्ट वायली पुढे मेकनचे कमांडर झाले. यातून नौदल एक धडा शिकलं. मेकनवर लाइफ जॅकेट्स आणि रबरी तराफे आले.

दुसरा धडा मात्र राहिला. एप्रिल १९३४ मध्ये टेक्सासवरून जाताना हवेच्या झोतांनी मेकनच्या शेपटीजवळचा सांगाडा दुखावला. तात्पुरती डागडुजी झाली. पक्कं काम सवडीने, टप्प्याटप्प्याने करायचं ठरलं. वरच्या फिनचं मजबुतीकरण राहिलं ते राहिलंच. १२ फेब्रुवारी १९३५ ला कॅलिफोर्नियाच्या पॉइंट सुरजवळ एका झोताने नेमकी तीच फिन उखडली आणि मागच्या हेलियमच्या पिशव्या फाटल्या. ८३ पैकी दोघे गेले, ८१ वाचले. चार स्पॅरोहॉक समुद्रतळाशी गेली. त्यानंतर नौदलाने अशी एअरशिप पुन्हा बांधली नाही. विमान चांगलं होतं, पण त्याला लटकायला काही उरलं नाही.

हे वाचताना मी जरा गप्प झाले. माझ्या एका जुन्या टीममध्ये पेमेंटच्या कोडमध्ये एक बग मला माहीत होता. मी तात्पुरता पॅच लावला, तिकिटावर 'पुढच्या स्प्रिंटमध्ये' लिहिलं आणि विसरले. सहा महिन्यांनी एका सेलच्या रात्री नेमकं तेच फुटलं, आणि त्यावर अवलंबून असलेलं एका ज्युनिअरचं छान फीचर कायमचं बंद झालं. त्याच्या कोडमध्ये एकही चूक नव्हती. त्याला 'सॉरी' म्हणायलाही मी उशीरच केला.

१९९० मध्ये मेकनचे अवशेष समुद्रतळाशी सापडले, त्यात स्पॅरोहॉकचे सांगाडेही दिसले. पूर्ण असं एकच विमान आज उरलंय. अमेरिकेतल्या स्मिथसोनियनच्या विमान संग्रहालयात, हुकसकट.

तुमच्याही लिस्टमध्ये 'नंतर करू' असं लिहिलेली एखादी फिन असेल, तर आज ती उघडून बघा. पुढच्या भागात भेटूच!