घरांचा पैसा आणि वस्तीचे म्हणणे



ग्रामसभेत घरकुलांची यादी वाचायला घेतली म्हणजे काय होते, हे तुम्हांला मी सांगायला नको. एरवी पंचायतीकडे न फिरकणारी माणसे त्या दिवशी येऊन बसतात. नाव आले की चेहरा खुलतो. नाही आले की मागून कोणीतरी म्हणते, "अहो, त्यांचं तर पक्कं घर आहे की! त्यांचं नाव कसं काय लागलं?" भाऊसाहेब वहीत मान घालून बसतात. पैसा सरकारचा, घरे थोडी आणि गरजू फार. मग आधी कोणाचे घर, आणि हे ठरवायचे कोणी?

हाच प्रश्न अमेरिकेतल्या शहरांपुढेही आहे. तिथे तो कसा सोडवतात, निदान कसा सोडवायचा असे कायद्याने ठरवले आहे, ते आज सांगणार आहे. आता तुम्ही म्हणाल, एवढा श्रीमंत देश, तिथे घरांची कसली अडचण? पण अडचण आहे. घराचा खर्च कुटुंबाच्या उत्पन्नाच्या तीस टक्क्यांच्या आत बसला तर ते घर परवडणारे, असा तिथला सर्वसाधारण हिशेब. २०२२ साली या मापाबाहेर खर्च करणारी भाडेकरू कुटुंबेच दोन कोटींहून अधिक होती. पगाराचा तिसरा हिस्सा किंवा अर्धा हिस्सा घरमालकाला द्यायचा आणि उरलेल्यात दूध, औषध, गाडीभाडे भागवायचे, अशी ती माणसे.

थोडे मागे जाऊ या. १९४९ साली तिथे घरबांधणीचा एक कायदा झाला. जुनाट वस्त्या पाडून नवे बांधकाम करण्यासाठी केंद्र सरकार शहरांना पैसा देऊ लागले. हेतू वाईट नव्हता. पण पूर्वेकडच्या बॉस्टन शहरात काय घडले पाहा. तिथे वेस्ट एंड नावाची कष्टकऱ्यांची वस्ती होती. इटलीहून आलेली माणसे तिच्यात बरीच. अरुंद गल्ल्या, चिकटून बांधलेली घरे, कोपऱ्यावरचे वाण्याचे दुकान आणि सगळ्यांची सगळ्यांशी ओळख. नगररचनेच्या कागदावर तिला 'गलिच्छ वस्ती' असा शिक्का बसला. १९५८ ते १९६० या काळात ती जमीनदोस्त झाली. अडीच हजारांहून अधिक कुटुंबे पांगली. आणि त्या जागी उभे काय राहिले? तर त्यांतल्या बहुतेकांना ज्यांचे भाडे झेपणार नाही असे उंच उंच इमले!

हर्बर्ट गॅन्स नावाचे समाजशास्त्रज्ञ पाडापाडीच्या आधी काही महिने त्या वस्तीत जाऊन राहिले होते. १९६२ साली त्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ होतो 'शहरातले गावकरी'. नाव किती नेमके आहे! ती माणसे शहरात राहत असली तरी त्यांचे जगणे गावासारखेच होते. वस्ती खरोखर पाडतील यावर त्यांच्यातल्या पुष्कळांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. सरकारी कागद येत होते, नाही असे नाही. पण कागद येणे वेगळे आणि कोणी समोर बसून विचारणे वेगळे.

असे प्रकार शहराशहरांत झाले. लोक चिडले, मोर्चे निघाले. मग १९६६ च्या एका कायद्यात, वस्ती सुधारायची तर तिथल्या लोकांचा व्यापक सहभाग हवा, असे शब्द आले. पण सहभाग म्हणजे काय? शेरी अर्नस्टाइन या बाई त्याच सरकारी कामात सल्लागार होत्या. १९६९ साली त्यांनी एका लेखात आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सर्वांत खालची पायरी म्हणजे लोकांना नुसते खेळवणे. तिच्यावर समजूत घालणे, मग माहिती देणे, मग मत विचारणे, मग एकदोघांना समितीवर घेऊन बाकीच्यांना गप्प बसवणे. यांच्याही वर खरी भागीदारी, त्यावर काही अधिकार लोकांच्या हाती सोपवणे आणि अगदी वर लोकांचाच कारभार. आपल्याकडच्या सभा कितव्या पायरीवर भरतात, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरते मोजून पाहावे.

यानंतर १९७४ साली तो कायदा झाला, ज्याच्यावर आजही हा कारभार चालतो. पूर्वी केंद्राकडून गटारांसाठी वेगळा पैसा, पाडकामासाठी वेगळा, अशा अनेक योजना होत्या. त्या मोडून शहराला एक ठोक रक्कम द्यायची आणि तिचा उपयोग काय करायचा ते शहराने ठरवायचे, अशी ही योजना. तिच्या नावात 'कम्युनिटी डेव्हलपमेंट' आणि 'ब्लॉक' असे दोन्ही शब्द आहेत. ते ऐकून जुन्या शिक्षकांना आपला विकासगट आठवेल. पण तिथला ब्लॉक म्हणजे ठोक रक्कम. आपला ब्लॉक म्हणजे शेकडाभर गावांचा गट. नात्याचा धागा मात्र अगदीच नाही असे नव्हे. आपली सामुदायिक विकास योजना २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाली, तेव्हा तिला अमेरिकेचे साहाय्य होते. आणि पाचच वर्षांनी, १९५७ साली, बलवंतराय मेहता समितीला काय दिसले? की योजना आली, अधिकारी आले, पण लोकांना ती आपली वाटली नाही. त्यातूनच पुढे पंचायत राज्य आले आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. दोन्ही देशांना एकच ठेच लागली, म्हणा ना.

तर ही ठोक रक्कम खर्च करायला अटी आहेत. निदान सत्तर टक्के पैसा कमी उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडला पाहिजे. शहराने तीन ते पाच वर्षांचा आराखडा करायचा आणि दरवर्षी त्या वर्षाचा कार्यक्रम लिहायचा. वर्षातून कमीत कमी दोन जाहीर सभा घ्यायच्या. त्यांतली एक मसुदा प्रसिद्ध होण्याआधी, म्हणजे कागद कोरा असतानाच. मसुदा झाल्यावर लोकांना वाचायला आणि मत द्यायला निदान तीस दिवस द्यायचे. इंग्रजी न समजणाऱ्यांचीही सोय पाहायची. आणि मला सर्वांत मोलाचे वाटते ते कलम असे: लोकांनी जे सांगितले त्याचा गोषवारा आराखड्याला जोडायचा, आणि ज्या सूचना मानल्या नाहीत त्या का मानल्या नाहीत, याची कारणेही लिहायची.

बघा, "तुमचं म्हणणं ऐकून घेतलं" एवढ्यावर सुटका नाही. ऐकले, मानले नाही, तर कारण लिहा. शेवटचा निर्णय निवडून आलेल्या कारभाऱ्यांचाच असतो. पण नाकारण्याला सही-शिक्क्याचे कारण लागले म्हणजे माणूस जरा विचार करून नाकारतो. आपल्या ग्रामसभेच्या इतिवृत्तात 'चर्चा झाली' असे दोन शब्द लिहून पान उलटतात, तिथे हा रिवाज उचलण्यासारखा आहे.

सभेत मग काय मागणे होते? कोणी म्हातारीच्या गळक्या छपराची दुरुस्ती मागतो, कोणी रस्त्याकडेची पायवाट, कोणी शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळण्याची सोय, कोणी एकट्या वृद्धांना जेवण. सगळेच खरे. पण सेवांच्या कामावर पंधरा टक्क्यांहून अधिक खर्च करता येत नाही. या पैशातून सहसा नवी घरेही बांधता येत नाहीत. त्यासाठी १९९० साली वेगळा निधी काढला. म्हणजे आजोबांचे जेवण आणि मुलांचा सांभाळ यांचीच एकमेकांशी स्पर्धा लागते. सभेत आवाज चढतात ते इथे.

'कमी उत्पन्न' म्हणजे तरी किती? इथे एक गोम आहे. शिक्षक मंडळींनी हा हिशेब फळ्यावर करून दाखवावा. एका आळीत पाच कुटुंबे आहेत. महिन्याची मिळकत आठ, दहा, बारा, पंधरा आणि वीस हजार. रांगेत उभे केले तर मधले कुटुंब बारा हजारांचे. या मधल्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत जो असेल तो कमी उत्पन्नाचा, असा तिथला नियम. म्हणजे रेषा नऊ हजार सहाशेवर. आता शेजारच्या बंगल्यांतली चार कुटुंबे याच रांगेत आणा: साठ, सत्तर, ऐंशी आणि नव्वद हजारांची. नऊ जणांत मधला आता वीस हजारांचा झाला आणि रेषा सोळा हजारांवर गेली. सोळा हजारांच्या तीस टक्के म्हणजे चार हजार आठशे भाड्याचे घर 'परवडणारे' ठरले. पण आठ हजारवाल्याची मिळकत होती तिथेच आहे! त्याच्या कमाईतला निम्म्याहून अधिक पैसा भाड्यातच जाईल. अमेरिकेत ही रांग एका वस्तीची लावत नाहीत. शहर आणि भोवतालची श्रीमंत उपनगरे मिळून लावतात. म्हणून सभेत जाणती माणसे उठून पहिल्यांदा हेच विचारतात की, परवडणारे म्हणता, ते कोणाला?

कायदा चांगला असला तरी खुर्चीवर येऊन बसतो कोण, हाही प्रश्न उरतोच. संध्याकाळच्या सभेला रात्रपाळीचा कामगार कसा येणार? मूल कडेवर असलेली बाई तीन तास कशी बसणार? कॅथरिन आइन्स्टाइन, डेव्हिड ग्लिक आणि मॅक्सवेल पामर या तीन प्राध्यापकांनी बॉस्टनच्या आसपासच्या नगरांत नव्या बांधकामांवर झालेल्या सभांची इतिवृत्ते तपासली आणि २०१९ साली पुस्तक काढले. त्यांना आढळले की बोलणाऱ्यांत वयस्क, पुरुष आणि स्वतःचे घर असलेले लोक प्रमाणाबाहेर जास्त, आणि त्यांतले बहुतेक नव्या घरांच्या विरुद्ध बोलणारे. ज्याला घर हवे तो त्या सभेत नाहीच; तो अजून त्या गावात राहायलाच आलेला नाही! लोकांना विचारा म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असा जो नियम आहे, त्याची गरज अशाच अनुभवातून पटते. तो किती ठिकाणी मनापासून पाळतात, ते तुम्ही जाणता.

पण याच बॉस्टनमधली दुसरी हकीकत ऐका. रॉक्सबरी भागात डडली स्ट्रीट नावाची वस्ती आहे. काळे लोक, केप व्हर्द बेटांवरून आलेले, स्पॅनिश बोलणारे आणि थोडे गोरे, अशी सरमिसळ. आगी लागल्या, घरमालक निघून गेले, आणि १९८० च्या सुमारास तिथे तेराशेच्या आसपास भूखंड ओसाड पडले होते. बाहेरचे लोक रात्री येऊन त्यांवर कचरा ओतीत. १९८४-८५ मध्ये काही संस्थांनी एकत्र येऊन वस्ती सुधारण्याचे मंडळ योजले आणि लोकांना सभेला बोलावले. आराखडा वाचून झाला. तेव्हा रहिवाशांनी विचारले की, या मंडळावरच्या किती जणांचे घर इथे आहे? रहिवाशांच्या जागा अगदी थोड्या होत्या. सभा तापली. संस्थांनी, हे त्यांचे मोठेपण, मंडळाची घटना बदलली. रहिवाशांचे बहुमत ठेवले आणि चारही समाजांना, संख्या कमी असो की जास्त, सारख्या जागा दिल्या.

मग लोकांनी सर्वांत आधी काय हाती घेतले? घरे नाहीत. कचरा! १९८६ साली पहिली मोहीम झाली ती वस्तीत कचरा टाकणे बंद करण्याची. दुर्गंधी हटल्याशिवाय घरात राहणार कोण, हे कचेरीत बसून सुचत नाही. त्यानंतर त्यांनी स्वतःचा आराखडा केला, तो शहराने स्वीकारला, आणि १९८८ साली वस्तीतल्या एका भागातली ओसाड खाजगी जमीन सक्तीने संपादन करण्याचा अधिकार शहराने या संस्थेला दिला. अर्नस्टाइनबाईंच्या शिडीवर ही बरीच वरची पायरी. आज तिथे सव्वादोनशेच्या आसपास घरे संस्थेच्या न्यासाच्या जमिनीवर उभी आहेत. घर कुटुंबाचे, जमीन न्यासाची, नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने दिलेली. विकायचे तर ठरावीक किमतीपर्यंतच विकता येते, म्हणजे पुढच्या गरीब कुटुंबालाही ते घेता यावे. "मग आमच्या घराची किंमत वाढली त्याचा फायदा आम्हांला नको का?" असे कोणी म्हटले तर ते अगदीच गैर नाही. त्या वस्तीने तोलून पाहून हा मार्ग पत्करला.

त्या मंडळावर पुढे पोरासोरांसाठीही जागा ठेवल्या. जॉन बॅरोस हा केप व्हर्दच्या कुटुंबातला मुलगा सतराव्या वर्षी निवडून त्यावर बसला. नंतर तो त्याच संस्थेचा संचालक झाला, आणि २०१४ पासून काही वर्षे बॉस्टन शहराच्या आर्थिक विकास खात्याचा प्रमुख होता.