मागे उभं राहण्याची वर्षं

कीर्तनाला आलेल्या माणसाची नजर बुवांवर असते, आणि ती तिथंच असावी. मी बुवांच्या मागे, टाळकऱ्यांच्या रांगेत असतो. मिसरूड फुटायच्या आधीपासून मावळातल्या सप्ताहांत हीच माझी जागा. या जागेवरून एक गोष्ट फार जवळून दिसते: देवाला ज्याच्या तोंडून बोलायचं असतं, त्याला तो आधी दुसऱ्याच्या मागे उभा करतो.

आमचं काम धृपद धरायचं. बुवा अभंगाचं चरण घेतात, त्यावर निरूपण करतात, मग चाल लावून पुन्हा धृपदावर येतात. तिथं मागच्या सगळ्यांनी एका दमात उचलायचं. अर्धी मात्रा उशीर झाला की रंगात आलेलं कीर्तन खाली बसतं. आम्हाला बुवांची फक्त पाठ दिसते. खांदा कधी सैल पडला, हात कधी वर निघाला, यावरून ओळखायचं. अभंग चोख पाठ हवाच. शिवाय आपला गळा चांगला आहे, हे विसरता आलं पाहिजे. पाठांतर दोन-चार वर्षांत होतं. विसरणं मात्र सगळ्यांना जमत नाही.

तुकोबारायही याच रांगेतून पुढे आले. हे दंतकथेतलं नाही, त्यांनी स्वतःच्या अभंगात सांगितलंय. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बसला, पहिली बायको अन्नावाचून गेली, चारचौघांत मान राहिला नाही. त्यानंतर त्यांनी काय केलं? पडकं देऊळ नीट केलं. संतांची वचनं विश्वासानं, आदरानं पाठ केली. पुढे गाणाऱ्यांचं धृपद धरलं. शरीर कष्टवून होईल तो उपकार केला. देहूजवळच्या भंडारा डोंगरावर आज गर्दी असते. तेव्हा तिथं वारा आणि एकांत एवढंच असणार. मग स्वप्नात नामदेवराय पांडुरंगाला घेऊन आले आणि कवित्व कर म्हणाले. हा हुकूम आला तेव्हा पाठ केलेले शब्द तयार होते, झिजलेलं शरीर तयार होतं. हुकूम आला म्हणून वाट सोपी झाली असंही नाही. पुढे वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या.

विष्णुबुवा जोगांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हा ही रांगच त्यांनी शाळेत आणली असं मला वाटतं. बुवा मूळचे पुण्याचे, तालमीतले पैलवान. मेहनतीशिवाय मातीत उतरायचं नसतं हे त्यांच्या अंगातच होतं. संस्था निघाल्यावर तीनच वर्षांत, 1920 मध्ये ते गेले. पण बंकटस्वामी, मामासाहेब दांडेकर अशी माणसं त्यांनी घडवून ठेवली होती, म्हणून काम थांबलं नाही. चार वर्षांचा अभ्यास: गीता, ज्ञानेश्वरी, गाथा, गायन, पखवाज. खांद्याला झोळी लावून माधुकरी मागणारी पोरं आळंदीच्या गल्ल्यांतून मी पाहिली आहेत. परक्या दारात उभं राहून मिळेल ती भाकरी घ्यायची, याला मी अभ्यासाचाच भाग समजतो. पुढे ज्यांच्यासमोर बोलायचं, त्यांचं अन्न आधी पोटात जातं.

आमच्या गावचा एक मुलगा असाच शिकून आला. घरच्यांना वाटलं, आता तारखा लागतील. कुणी विचारलंच नाही. तो पहाटे काकड्याला यायचा, सप्ताहात पखवाजाच्या धुमेला लावायची कणीक मळून द्यायचा आणि आमच्याबरोबर टाळ घेऊन उभा राहायचा. गावात कुणाकडे मयत झालं की दहा दिवस संध्याकाळी त्या घरी जाऊन हरिपाठ म्हणायचा. कुणी सांगितलं नव्हतं. त्याची आई मला म्हणायची, "भाऊ, एवढं शिकून पोरगं मागेच राहिलं." मी तिला म्हणालो, "वहिनी, ते मागं नाही, जागेवर आहे."

एका घरी म्हातारबाबा गेले. दहाव्याच्या प्रवचनाला बाहेरचे नामांकित महाराज बोलवायचे, असं मुलांचं ठरत होतं. आजी ओसरीवरून म्हणाल्या, "नऊ दिवस जो माझ्यापाशी बसला, तोच बोलंल. दुसरं कुणी नको."

घाटावर तो बोलला. 'रामकृष्ण हरी' म्हणून सुरुवात केली, ज्ञानेश्वरीची एकच ओवी घेतली आणि ती म्हाताऱ्याच्या हातच्या शेतीपर्यंत आणून सोडली. विनोद नाही, उंच आवाज नाही. अर्धा तासही झाला नसेल. मी समोर बसलो होतो. तो बोलत असताना त्याचा चेहरा मी प्रथमच पाहत होतो, आणि मला खात्री पटली की याला देवानंच उभं केलंय. आजींचं तोंड फक्त निमित्त झालं.

मोबाईलवर चार कीर्तनं पाहून, त्यातले चुटके पाठ करून उभी राहणारी पोरं मला दिसतात, तेव्हा जीव तुटतो. त्यांच्यात गुण नाही असं नाही. पण दुःखाच्या घरी बसल्याशिवाय दुःखावर बोललेलं ऐकणाऱ्याच्या आत उतरत नाही, आणि वेळेआधी मिळालेली टाळी फार पोरांना अभ्यासावरून उठवते.

आता त्या मुलाला आसपासच्या गावांतून बोलावणी येतात. कार्तिकीनंतरच्या आमच्या सप्ताहात काल्याचं कीर्तन त्याच्याकडे द्यायचं ठरलंय. त्यानं एकच मागणी केली: आधीचे सगळे दिवस मला टाळकऱ्यांतच धरा. या वर्षी दोन मुलीही रांगेत उभ्या राहणार आहेत. त्यांचं पाठांतर तोच घेतो, रोज काकड्यानंतर, देवळाच्या पायरीवर.