विश्लेषण : खुर्चीसकट झाडावर! अमेरिकी शिकारी ‘क्लायंबिंग स्टँड’ निवडताना काय पाहतात?

अमेरिकेत पानगळ सुरू झाली की हरणांच्या शिकारीचा हंगाम येतो आणि मोबाइलवर एका ठरावीक प्रकारची रील्स दिसू लागतात. पाठीवर ॲल्युमिनियमची घडीची खुर्ची घेतलेला माणूस जंगलात शिरतो, सरळसोट पाइनच्या बुंध्याला ती अडकवतो आणि बसत-उठत, बसत-उठत काही मिनिटांत वीस फुटांवर पोहोचतो. शिडी नाही, खिळे नाहीत, पाय ठेवायला फांदीही नाही. कोकणात किंवा केरळात यंत्राच्या मदतीने माडावर चढणारा पाडेली ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही करामत ओळखीची वाटेल. मूळ तत्त्व जवळपास तेच आहे. मात्र नारळ काढणारा थोड्या वेळात खाली येतो. शिकारी पहाटेच्या अंधारात चढतो आणि कडाक्याच्या थंडीत, बहुतेकदा एकटाच, तासन् तास वर बसून राहतो. म्हणूनच हा स्टँड विकत घेणे म्हणजे नुसती खुर्ची निवडणे नव्हे.

हा स्टँड लागतोच कशाला?

हरणाची नजर आणि कान सहसा जमिनीच्या पातळीवरच्या धोक्यावर असतात. पंधरा-वीस फूट उंचीवर बसलेला माणूस त्याला चटकन दिसत नाही आणि माणसाचा वासही काही प्रमाणात वरून निघून जातो. त्यासाठी अमेरिकेत तीन प्रकारचे स्टँड प्रामुख्याने वापरले जातात. शिडीचा स्टँड सर्वात स्थिर असतो, पण तो उभा करायला दोन-तीन माणसे लागतात आणि तो हंगामभर एकाच जागी राहतो. ‘हँग-ऑन’ स्टँड पट्ट्याने झाडाला बांधतात, पण वर जाण्यासाठी पायऱ्या वेगळ्या लावाव्या लागतात. तिसरा हा क्लायंबर. तो पाठीवरून नेता येतो आणि संध्याकाळी परत आणता येतो. अनेक राज्यांच्या सार्वजनिक शिकारक्षेत्रांत झाडाला खिळा किंवा स्क्रू ठोकण्यास मनाई आहे, काही ठिकाणी स्टँड रात्रभर सोडताही येत नाही. ज्याच्याकडे स्वतःची जमीन नाही, त्याला क्लायंबर सोयीचा वाटतो तो यामुळेच.

पडत कसा नाही?

क्लायंबरचे दोन स्वतंत्र भाग असतात. वरचा बसण्याचा, खालचा पाय ठेवण्याचा. प्रत्येक भागाची केबल किंवा पट्टा झाडाच्या मागून वळसा घेतो आणि पुढच्या बाजूला दातेरी पट्टी बुंध्याला टेकते. केबलची पातळी पट्टीपेक्षा वर असते. वजन पडले की फळीचे पुढचे टोक खाली जाऊ पाहते, त्यामुळे दातेरी पट्टी सालीत रुतते आणि मागची केबल ताणली जाते. जितके वजन, तितकी पकड घट्ट. वजन काढून फळी थोडी तिरकी उचलली की पकड सुटते आणि तो भाग वर सरकवता येतो. वरच्या भागावर बसायचे, पायांनी खालचा भाग ओढून घ्यायचा, त्यावर उभे राहायचे आणि वरचा भाग हातांनी सरकवायचा. झाले एक पाऊल.

खरी गोम इथेच आहे. ज्या तत्त्वामुळे स्टँड धरून ठेवतो, त्याच तत्त्वामुळे तो सुटतोही. शिकारी वरच्या भागावर बसलेला असताना पायांचा दाब गेला, तर खालची फळी घसरून थेट जमिनीवर जाऊ शकते. मग वीस फुटांवर माणूस पाय लोंबकळत अडकतो. म्हणून दोन्ही भाग एकमेकांना दोरीने बांधणे सक्तीचे मानले जाते. ही दोरी बहुतेक स्टँडसोबतच येते. ती न बांधता चढणारेही बरेच असतात, ही गोष्ट वेगळी.

आधी झाड, मग स्टँड

दुकानात जाण्याआधी आपण जिथे जाणार त्या जंगलातली झाडे पाहावीत, असे अनुभवी शिकारी सांगतात आणि ते तर्काला धरून आहे. क्लायंबरला सरळ, जिवंत आणि खालपासून वरपर्यंत फांद्या नसलेले झाड लागते. अमेरिकेच्या दक्षिणेतील पाइनची जंगले त्यासाठी जणू बनवलेलीच आहेत. फांद्या पसरलेले ओक जिथे जास्त, तिथे महागडा क्लायंबरही गाडीच्या डिकीतच पडून राहतो. ‘शॅगबार्क हिकरी’ या झाडाची साल लांब पट्ट्यांनी सुटते, त्यामुळे दात रुततात ते सुटत्या सालीत. गुळगुळीत सालीच्या झाडावर, विशेषतः पाऊस किंवा बर्फ असताना, पकड कमी होते. वाळलेले झाड तर वर्ज्यच.

बहुतेक स्टँड साधारण 8 ते 20 इंच, म्हणजे 20 ते 50 सेंटिमीटर जाडीच्या बुंध्यासाठी असतात. पण झाड वर जाताना निमुळते होते, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. समजा, खाली 40 सेंटिमीटर जाड असलेले झाड वीस फुटांवर 34 सेंटिमीटर झाले. केबलची लांबी तीच राहते, ती सैल पडते आणि फळी पुढच्या बाजूला झुकते. खाली अगदी समतल वाटणारी खुर्ची वर गेल्यावर घसरगुंडी होते. म्हणून सुरुवातीलाच फळीचे पुढचे टोक थोडे वर उचललेले ठेवतात. अंदाज चुकला तर खाली उतरून केबल पुन्हा लावायची. वर बसून खिट्ट्या काढण्याचा मोह टाळणेच बरे.

बंदूक की धनुष्य?

वरच्या भागाचे दोन प्रकार मिळतात. एकात समोर आडवा दांडा असतो. चढताना त्यावर टेकता येते, बसल्यावर बंदूक स्थिर ठेवता येते आणि आपण चारी बाजूंनी बंदिस्त आहोत असे वाटते. दुसऱ्यात समोरची बाजू मोकळी असते. धनुष्य ओढताना त्याचे टोक दांड्याला लागू नये म्हणून धनुर्धारी तो पसंत करतात. काही अगदी हलक्या स्टँडमध्ये आसन नाममात्र असते आणि शरीराचा भार हातांवर उचलत चढावे लागते. ज्यांचे खांदे मजबूत नाहीत, त्यांनी वजनाचा आकडा पाहून हुरळून जाऊ नये.

वजन : पाठीवरचे आणि फळीवरचे

बाजारातील क्लायंबर साधारण 6 ते 13 किलोंचे असतात. लोकप्रिय ‘समिट वायपर’ सुमारे 20 पौंडांचा, म्हणजे 9 किलोंचा आहे. पोलादी स्टँड स्वस्त पण जड, ॲल्युमिनियमचा हलका पण महाग. पार्किंगपासून दोन किलोमीटर चालायचे असेल तर तीन किलोंचा फरक पहाटे चांगलाच जाणवतो. धातूचा आवाज हा आणखी एक मुद्दा. बंद शांततेत एक ‘खण्ण’ झाले की सकाळ वाया जाते, म्हणून अनेक जण सांध्यांवर कापडी टेप गुंडाळतात.

फळीवरची मर्यादा बहुधा 300 पौंड, म्हणजे 136 किलो असते. त्यात फक्त माणसाचे वजन धरून चालत नाही. 95 किलोंचा माणूस, हिवाळी कपडे-बूट 6 किलो, बंदूक 4, पिशवी 8 अशी बेरीज केली तर आकडा 113 वर जातो. 120 किलोंच्या माणसाची तीच बेरीज मर्यादेबाहेर जाते. स्टँड उत्पादकांच्या संघटनेची, म्हणजे ‘टीएमए’ची प्रमाणपत्राची खूण आहे का, हेही पाहिले जाते.

हार्नेस का महत्त्वाचा?

झाडावरून पडणे हे अमेरिकी शिकाऱ्यांच्या गंभीर दुखापतींचे मोठे कारण आहे. सप्टेंबर महिना तिथे ‘ट्रीस्टँड सुरक्षा’ महिना म्हणून पाळला जातो. नुसता कमरपट्टा घातक ठरू शकतो, कारण पडताना सगळा झटका पोटावर येतो. छाती, खांदे आणि मांड्या धरणारा पूर्ण शरीराचा हार्नेस लागतो. शिडीच्या स्टँडवर वरपासून जमिनीपर्यंत सुरक्षा दोर आधीच सोडून ठेवता येतो. क्लायंबरमध्ये ती सोय सहसा नसते, म्हणून झाडाभोवतीचा पट्टा प्रत्येक टप्प्याला स्वतःबरोबर वर सरकवावा लागतो. कंटाळवाणे काम आहे आणि लोक नेमके तेच टाळतात.

हार्नेसने वाचवले, तरी धोका संपत नाही. लटकलेल्या अवस्थेत मांड्यांचे पट्टे आवळतात, रक्त पायांत साचते आणि काही मिनिटांतच प्रकृती बिघडू शकते. पाय टेकवून भार हलका करण्यासाठी छोटा दोर-फास हार्नेससोबत असतो. फोन आणि शिट्टी पिशवीत नव्हे तर अंगावरच्या खिशात हवी. बंदूक रिकामी करून, वर पोहोचल्यानंतर दोरीने ओढून घ्यायची असते. पडल्यानंतर एकदा वापरलेला हार्नेस पुन्हा वापरत नाहीत आणि न वापरलेलाही उत्पादनापासून पाच वर्षांनी बदलावा, असे ‘टीएमए’ सांगते.

जुना स्टँड स्वस्तात मिळत असेल तर?

केबलवरचे प्लास्टिकचे आवरण फाटले आहे का, आत गंज आहे का, वेल्डिंगवर केसासारखी चीर आहे का, एखादी खिट्टी बदलून साधा खिळा घातला आहे का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने वेळोवेळी काही स्टँड बाजारातून परत मागवले आहेत. मॉडेलचे नाव त्यांच्या यादीत शोधायला एक मिनिट लागते.

भारतात चालतो का?

शिकारीसाठी नाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा 1972 चा आहे आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीला इथे जागाच उरलेली नाही. आपल्याकडे उरले आहे ते मचाण, तेही फक्त पाहण्यासाठी. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाट, ताडोबा परिसरात वन विभाग पाणवठ्यांजवळ मचाण बांधतो. निसर्गप्रेमी शिडीने वर चढतात, चंद्रप्रकाशात दिसलेल्या प्राण्यांची नोंद करतात आणि सकाळ होईपर्यंत खाली उतरत नाहीत.