‘हलकी विंडोज’ कुणाला जड जाते?

यवतमाळात बोलायचं तर कपाशीपासूनच सुरुवात करू. बियाणं घेताना आपण काय बघतो? पिशवी सीलबंद आहे का, लॉट नंबर आहे का, पक्कं बिल मिळतं का. उगवलं नाही तर तक्रारीला हातात कागद लागतो. मग कॉम्प्युटरमध्ये विंडोज टाकताना यातलं काहीच का विचारत नाही?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट संपला. बऱ्याच जुन्या मशीन ११ च्या अटींत बसत नाहीत. मग कुणीतरी म्हणतं, ‘हलकी विंडोज मारून देतो, मशीन पळेल.’ आता पळतेही, बरं का! पण हलकी झाली कशी? बहुतेक वेळा अपडेट आणि डिफेंडर काढून, म्हणजे राखणदारालाच घरी पाठवून. शिवाय काढणाऱ्यानं आत काय घातलं, ते आपल्याला दिसत नाही.

२०२३ मधलं उदाहरण घ्या. डॉक्टर वेब या रशियन अँटिव्हायरस कंपनीला टॉरेंटवरच्या विंडोज १० च्या काही प्रतींमध्ये चोर प्रोग्राम सापडला. तुम्ही क्रिप्टो पाकिटाचा पत्ता कॉपी केला, की तो त्या जागी चोराचा पत्ता ठेवायचा. सुमारे १९ हजार डॉलर असे गेले. त्याची जागा बघा: ईएफआय पार्टिशन. मशीन सुरू होताना लागणारा डिस्कचा हा छोटासा कोपरा; अँटिव्हायरस सहसा तिकडे फिरकत नाही. नुसता ‘सी ड्राइव्ह’ फॉरमॅट केला, तरी हा कोपरा तसाच राहतो.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठलं क्रिप्टो? बरोबर. पण सेवा केंद्राच्या मशीनवर आधार, सातबारा, पासबुक स्कॅन होतं. पत्ता बदलणारा प्रोग्राम जिथे लपतो, तिथे कागद चोरणाराही लपू शकतो. विंडोज निवडली केंद्रचालकानं. भोगणार रांगेतला शेतकरी, ज्याला कुणी विचारलंच नाही.

मग करायचं काय? विंडोज मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या आणि टाकताना जुनी सगळी पार्टिशनं काढा. आधी कागदपत्रांचा बॅकअप मात्र घ्या. मशीन फारच जुनी असेल तर लिनक्स मिंट मोफत आहे, अधिकृतही आहे. फक्त अंगठ्याचं यंत्र त्यावर चालतं का, ते आधी तपासा. आणि दुकानदाराला एवढं विचाराच: ‘भाऊ, ही पिशवी कुठून आणली?’